चुकवलेलं घड्याळ

लॅबमध्ये तिला लहानथोर सगळे वहिनीच म्हणत, आणि हे खूळ लावून दिलं होतं तिच्या नणंदेने. नणंद आधी तिची विद्यार्थिनी. पीएचडी करायला म्हणून हिच्या हाताखाली आली आणि वर्ष सरायच्या आत आपल्या भावाशी हिची गाठ घालून मोकळी झाली. भावाचं चष्म्याचं दुकान. लग्नानंतरच्या पहिल्याच बैठकीत ही बया सगळ्यांसमोर बोलून गेली, "वहिनी, तो मागचा आलेख परत दाखव ना!" असा काही हशा पिकला की विचारू नका. त्या दिवसापासून मॅडम गेल्या आणि वहिनी आल्या. गटाचे प्रमुख, म्हणजे सर, ते तर मुद्दाम लांबवून "वहिनीसाहेब" म्हणायचे.

नणंदेलाही नाव पडलेलंच होतं, टिचकी. काटा असलेलं कुठलंही यंत्र दिसलं की त्याच्या काचेवर टिचकी मारल्याशिवाय तिचा त्याच्यावर विश्वास बसत नसे. नवंकोरं यंत्र असो, नाहीतर कालच तपासून आलेलं असो, आधी टिचकी, मग वाचन. सर चिडायचे. पण दोनदा तिच्या टिचकीने अडकलेला काटा खाली घसरला होता, त्यामुळे तेही फार बोलत नसत.

दोघी एकाच घरात राहायच्या, सकाळी एकाच बसने लॅबला यायच्या आणि वाटेत एकमेकींचं डोकं खायच्या. घरी सासूबाई होत्या. एकदा जेवताना त्यांनी विचारलंच, "तुम्ही दोघी तिकडे दिवसभर करता तरी काय?"

वहिनीने त्यांना सोपं करून सांगितलं. अणूच्या पोटात केंद्र असतं. त्या केंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. स्थिर अणूच्या केंद्रात न्यूट्रॉन खुशाल राहतो, त्याला काही होत नाही. पण त्याला तिथून बाहेर काढून एकटा सोडला की तो टिकत नाही. मोडतो. त्याचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन उडून जातो आणि सोबत आणखी एक इवलासा कण निघतो, जो जवळजवळ कुणाच्याच हाती लागत नाही. कुठला न्यूट्रॉन कधी मोडेल ते कुणीच सांगू शकत नाही. कुणी लगेच, कुणी तासाने. पण पुष्कळ घेतले आणि सरासरी काढली तर ती पंधरा मिनिटांच्या आसपास येते. ती सरासरी नेमकी किती, हे मोजायचं.

"पंधरा मिनिटं मोजायला तुम्हाला तीन वर्षं लागतात?" सासूबाई म्हणाल्या. "मग आमच्या भाजीला उकळी कधी येते ते तुम्ही मोजायला नकोच."

टिचकी हसून हसून बेजार झाली. वहिनीही हसली. तेव्हा हसू यायचं तिला.

खरं तर त्या सरासरीवरून जगभर जुनं भांडण होतं. मोजायच्या दोन पद्धती. एक झोतवाल्यांची: न्यूट्रॉनचा झोत सोडायचा आणि वाटेत किती मोडले ते मोजायचं. दुसरी बाटलीवाल्यांची: न्यूट्रॉन एका भांड्यात कोंडायचे आणि थोड्या वेळाने किती उरले ते मोजायचं. दोघांच्या उत्तरात काही सेकंदांचा फरक पडायचा आणि तो काही केल्या मिटत नव्हता. विश्वाच्या सुरुवातीला कुठलं मूलद्रव्य किती बनलं याचा हिशेब त्या सेकंदांवर अवलंबून, म्हणून एवढी डोकेफोड. आपले सर बाटलीवाले. त्यांनी पूर्वी एका छोट्या बाटलीतून एक उत्तर काढलं होतं, आणि त्याच कामावर वहिनीची पीएचडी झाली होती. आता मोठी बाटली बांधली होती. नवं उत्तर जुन्याशी जुळतं का, हे बघायला सगळे जीव टांगून बसले होते.

बाटली कसली, चुंबकांनी मढवलेलं माणसाएवढं खोल घमेलंच ते, वरून सताड उघडं. झाकण नको, कारण आत सोडलेले न्यूट्रॉन इतके मंद की कुणीही पळत त्यांच्या पुढे जाईल. वर उडी मारतात आणि वजनाने परत खाली येतात. काही जरा जास्त अंगात आलेले असतात, ते काठावरून निसटू शकतात. मोजणी सुरू होण्याआधी त्यांना काढून टाकावं लागतं. त्यासाठी वरून प्लास्टिकचा एक पत्रा खाली सोडायचा, उंच उडणारे त्याला आपटून त्यातच मुरतात. या पत्र्याला लॅबमध्ये झाडू म्हणत.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायीच घडलं. माणूस कितीही शिकला तरी त्याला हवं ते उत्तर आलं की तो हुश्श करून मोजणं थांबवतो. नको ते आलं की चूक शोधायला लागतो, आणि शोधली की चूक सापडतेच. लबाडी नसते यात. म्हणूनच तर जास्त भीती. यावर उपाय म्हणून हे लोक स्वतःचं उत्तर स्वतःपासूनच लपवून ठेवतात. ज्या घड्याळावर मोजायचं ते घड्याळच मुद्दाम थोडं चुकवून एका पेटीत बंद करतात. पुढे चुकवलंय की मागे, आणि किती, ते बाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक. सगळ्या दुरुस्त्या, सगळी भांडणं आधी उरकायची. मग एक दिवस ठरवून तो माणूस येणार, किती चुकवलंय ते सांगणार, आणि जे उत्तर निघेल ते निघेल. त्यानंतर कुणी एका टिंबालाही हात लावायचा नाही.

या गटासाठी ते काम समोरच्या इमारतीतल्या एक बाई करायच्या. त्यांचा न्यूट्रॉनशी काडीचा संबंध नव्हता, त्या प्रकाशावर काम करायच्या. पेटीची किल्ली त्यांच्या पर्समध्ये असायची. सगळे त्यांना कुलूपबाई म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा.

वहिनीच्या हातून जे झालं ते एका साध्या सकाळी झालं. मोजणीयंत्र मधूनच अडखळत होतं. हिला केबलचा संशय आला. तपासायला तिने पेटीतून येणारी तार विजेच्या लाटा दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्याला जोडली. शेजारच्या खोलीतल्या चांगल्या घड्याळाची तार तिथेच टेबलावर लोंबत होती. काही तपासायचं तर शेजारी एक चांगलं ठेवून बघायचं, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. तिने ती तारही दुसऱ्या भोकात खोचली. विचार असा केलाच नाही. पडद्यावर दोन लाटा उमटल्या, डावीकडे एकीवर एक बसलेल्या आणि उजवीकडे जाईपर्यंत एक दुसरीच्या मागे पडलेली.

तुमच्याआमच्यासारख्याला त्यात दोन वाकड्या रेघा दिसल्या असत्या. तिला किती मागे ते दिसलं. तिने झटक्यात तार उपटली, पण तोवर डोक्याने आपलं काम केलं होतं. वाचता येणाऱ्या माणसाने पाटी बघितली की ती वाचली जातेच, नको म्हणून थोडीच थांबते? बरं, चुकवलेल्या घड्याळावरचं उत्तर तर गटात सगळ्यांनाच माहीत होतं, भिंतीवरच लावलेलं असायचं. दोन्ही एकत्र आल्यावर खरं उत्तर आपोआप समोर येऊन उभं राहिलं. ते सरांच्या जुन्या उत्तरावर अगदी नेमकं बसत होतं.

तिला आनंद झाला. घात झाला तो इथेच.

रीत अशी की चुकून दिसलं तर तडक कुलूपबाईंकडे जायचं. त्या दोन शब्द सुनावतील, घड्याळ बदलतील, आणि ज्याला दिसलं तो हिशेबातून बाहेर होईल. कुणी त्याला फासावर देत नाही. ती निघालीही होती. जिन्यापर्यंत गेली. पण वर्षभर बंद असलेल्या अणुभट्टीतून न्यूट्रॉन नुकतेच परत मिळायला लागले होते, अख्खा गट त्यांची वाट बघत बसला होता, आणि सर त्या दिवशी इतके खुशीत होते की शीळ घालत फिरत होते. उद्या सांगू, म्हणून ती परत फिरली. उद्याचा परवा झाला. मग इतके दिवस लोटले की आता सांगायचं तर "इतके दिवस का नाही सांगितलंस?" हेही सांगावं लागलं असतं. ती मूग गिळून बसली. स्वतःची समजूतही घातली तिने: मला माहीत असलं म्हणून काय झालं, मी थोडीच काही फिरवणार आहे?

आणि मग टिचकीने झाडूचं काढलं.

टिचकीचं म्हणणं असं की झाडू पुरेसा खाली जात नाही. उंच उडणारे थोडे मागे राहतात, रेंगाळतात आणि मोजणी चालू असताना हळूहळू काठावरून निसटतात. आपण समजतो ते मोडले. म्हणजे न्यूट्रॉनचं आयुष्य आपल्याला खऱ्यापेक्षा कमी दिसतं, तेवढं वाढवायला हवं. तिने महिनोन् महिने खपून ते सगळं मांडलं होतं. बैठकीत बोलताना तिचे डोळे चमकत होते.

 वहिनीला तिथल्या तिथे दिसलं की ही दुरुस्ती धरली तर उत्तर जुन्यावरून घसरून लांब जातं.

तिने प्रश्न विचारले. खोटं एक अक्षरही बोलली नाही, नंतर रात्रंदिवस तिने हेच स्वतःला बजावलं. प्रश्न सगळे रास्त होते. भिंतीचा खडबडीतपणा धरलास का? धरला नव्हता. मग टिचकीने तो धरला, पुन्हा आली. चुंबकांमधल्या फटी? टिचकी पुन्हा परत गेली, पुन्हा आली. वहिनीने आणखी एक खोट काढली. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाची दुरुस्ती आली होती, उत्तर किंचित जुन्याकडे सरकवणारी. ती याहून कितीतरी कच्ची होती. तिला वहिनीने एकही प्रश्न विचारला नाही. "चांगलं काम आहे," म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

शेवटी सर म्हणाले, "वहिनीसाहेबांची खात्री पटत नाही तोवर हे नको घ्यायला." वहिनीच्या शब्दाला तिथे वजन होतं. टिचकीचा भाग वगळला गेला.

बैठक संपल्यावर टिचकी केबल ठेवायच्या खोलीत जाऊन बसली. वहिनी तिच्यामागे गेली. टिचकीने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडली. "मला या कामाची नजरच नाही गं, वहिनी," म्हणाली. "मला दिसतं ते नसतंच." वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "असं होतं गं, सगळ्यांचंच होतं," असलं काहीबाही बोलत राहिली. आपल्याच हाताने पाडायचं आणि आपल्याच हाताने थोपटायचं! तिला स्वतःच्या हाताची किळस आली. तरी तो हात तिने काढला नाही, आणि तोंडही उघडलं नाही.

त्यानंतर टिचकीने टिचक्या मारणं सोडलं. यंत्र जे दाखवील ते मुकाट्याने लिहून घ्यायची. कुणाच्या लक्षात आलं नाही, वहिनीच्या आलं. काही आठवड्यांनी जेवणाच्या टेबलावर टिचकीने जाहीर करून टाकलं की एका कंपनीत नोकरी मिळतेय, लॅबची यंत्रं विकायची. पेटी उघडली की जाणार. पीएचडीचं बघू पुढे.

"विकायला छान जमेल मला," ती म्हणाली. "बोलायला तर येतंच."

"एवढं शिकून?" सासूबाई म्हणाल्या.

"शिकूनच कळलं, आई, की जमत नाही."

नवरा बिचारा बहिणीकडे बघत राहिला, मग बायकोकडे. "तू सांग ना हिला काहीतरी. तुझं ऐकते ती." वहिनीने घास तोंडात घातला आणि चावत राहिली.  तिला सांगायचं होतं की अगं, तुझी नजर चांगली आहे, माझीच फिरली. हे एक वाक्य सांगितलं असतं तर पोरगी थांबली असती, हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. सरांचं उत्तर, सगळ्यांची मेहनत, आपली अब्रू, सगळं त्या टेबलावर येऊन पडलं असतं. ती उठून हात धुवायला गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिली.

पेटी उघडायचा दिवस आला. बैठकीच्या खोलीत कुणीतरी केक आणून ठेवला होता. सरांनी नवा शर्ट घातला होता. कुलूपबाई पर्स मांडीवर घेऊन टेबलाच्या टोकाला बसल्या. टिचकी वहिनीच्या शेजारीच बसली. घरी काय आणि लॅबमध्ये काय, तिची जागा ठरलेली.

उघडण्याआधी या गटात एक रिवाज पाळला जायचा. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं, "मला माहीत नाही." पूर्वी कधीतरी सरांनीच गमतीने सुरू केलेला, पण आता त्याला शपथेचं रूप आलं होतं. तो झाल्याशिवाय कुलूपबाई तोंड उघडत नसत.

"मला माहीत नाही," सर म्हणाले. मग त्यांच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारची. पाळी टिचकीपर्यंत आली.

"मला माहीत नाही," टिचकी म्हणाली, आणि हसून पुढे जोडलं, "मला कधीच काही माहीत नसतं."

दोघंतिघं हसले. वहिनीला कुणी कानशिलात भडकावल्यासारखं झालं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

आधी सगळ्यांना थट्टाच वाटली. सर हसतच म्हणाले, "वहिनीसाहेब, नीट म्हणा."

"नीटच म्हणतेय, सर. घड्याळ किती चुकवलंय ते मला माहीत आहे. न्यूट्रॉन परत मिळायला लागले तेव्हापासून माहीत आहे."

 कसं कळलं ते तिने सांगितलं. केबल, पडदा, दोन लाटा.  सर तिच्याकडे बघत होते, आणि रागापेक्षाही वाईट म्हणजे त्यांना काही समजतच नव्हतं. "पण सांगायचं ना," एवढंच ते दोनदा म्हणाले. "सांगायचं ना." आणि मग, "मॅडम, तुम्ही तरी..." मॅडम! ऐकून तिला रडूच कोसळणार होतं.

कुलूपबाई मात्र कामाच्या बाई. "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"घरी? हिला?" त्यांनी टिचकीकडे बोट केलं.

"नाही. तिलाही नाही." वहिनीने श्वास घेतला. खरी गोष्ट तर पुढेच होती, तेवढ्यासाठी तर ती बोलली होती. "पण आणखी एक आहे. ते कळल्यावर बैठकीत मी जे..."

"थांब!" कुलूपबाईंनी टेबलावर हात आपटला. केकवरची सुरी खाली पडली. "एक शब्द पुढे बोलू नकोस. तू काय उचलून धरलंस, काय पाडलंस आणि का, यातलं काहीही बोललीस तर उत्तर कुठल्या बाजूला आहे ते या खोलीतल्या प्रत्येकाला कळेल. मग हा सगळा डेटा केरात. मन मोकळं करायचं असेल तर उत्तर छापून आल्यावर कर."

 चूक कबूल करायची तर अर्धीच करता येत होती, आणि ती अर्धी बिनमहत्त्वाची होती. जिच्यासाठी तोंड उघडलं तिलाच सांगता येत नव्हतं. शेजारी टिचकी टेबलाकडे बघत बसली होती, हात मांडीवर.

कुलूपबाईंनी पुढचं भराभर ठरवलं. सगळ्या मोजणीवर त्या नवा, लपवलेला आकडा चढवणार, म्हणजे घड्याळ नव्याने चुकवल्यासारखंच. मागच्या सगळ्या दुरुस्त्या, धरलेल्या आणि वगळलेल्या, पहिल्यापासून पुन्हा तपासायच्या. आणि वहिनीने त्यात पाऊल ठेवायचं नाही.

"वगळलेलं काम कुणी केलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हिने," सर म्हणाले. "पण ही चाललीय सोडून."

सगळे टिचकीकडे बघायला लागले.  ती म्हणाली, "मी थांबते. तपासायचंच आहे तर मला तपासायचंय."

 कुलूपबाई म्हणाल्या, "तू हिच्याच घरात राहतेस ना?"

"मी घरात कामाचा विषयसुद्धा काढणार नाही," वहिनी घाईने म्हणाली. "शपथ घेऊन सांगते."

"तू बोलायची गरजच काय?" टिचकी पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "तुझा चेहरा मला वाचता येतो. मी संध्याकाळी येऊन सांगणार, आज अमुक सापडलं, आणि तू भुवई जरी उचललीस तरी मला कळणार." मग जरा थांबून, "निदान वाचता येतो असं मला वाटत तरी होतं."

त्याच दुपारी टिचकीने घर सोडलं. लॅबच्या वसतिगृहात एक खोली मिळाली होती. काम संपेपर्यंत, म्हणजे वर्ष तरी सहज. पीएचडी तेवढीच पुढे गेली.

सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "भांडलात का गं? काही बोलाल की नाही? एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे!"

"भांडलो नाही, आई," टिचकी बॅगेत कपडे कोंबत म्हणाली. "कामासाठी जातेय. येईन अधूनमधून, वहिनी घरी नसताना."

"वहिनी घरी नसताना? हे कुठलं आलंय काम?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि तोंडाने पुटपुटत डबा भरायला आत गेल्या.

टिचकीचे गरम कपडे वहिनीच्या कपाटात होते. वहिनी ते काढून द्यायला उभी राहिली. पाठमोरी. एकेक घडी काढून मागे पलंगावर ठेवत होती, आणि मान वळवत नव्हती.

"केबलच्या खोलीत मी तुझ्या खांद्यावर रडले," टिचकी मागून म्हणाली. "तेव्हा तुला माहीत होतं?"

हे सांगायला हरकत नव्हती, तारीख तर तिने सगळ्यांसमोर सांगितली होती. "हो," वहिनी म्हणाली.

 मागे बॅगेची चेन अर्धी ओढली गेली आणि थांबली.

"मग मला एकच सांग. माझं काम खरंच कच्चं होतं? का तुला ते कच्चं असायला हवं होतं?"

वहिनीच्या हातात स्वेटर होता. हो म्हणणं सोडाच, नुसती मान हलवली असती तरी पोरीच्या मनावरचा धोंडा उतरला असता. आणि त्याच क्षणी, उत्तर कुठल्या बाजूला आहे ते कळून, टिचकी या कामातून बाद झाली असती, ज्या कामातून तिला स्वतःचं स्वतः कळणार होतं. शिवाय खरं काय होतं? झाडूचं बरोबर की चूक हे वहिनीला तरी कुठे कळलं होतं? तिने ते नीट बघितलंच नव्हतं. तिने फक्त उत्तर कुठे जातंय ते बघितलं होतं. तिने स्वेटरची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

"बोल की गं," टिचकी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "वहिनी. बोल ना."

वहिनी बोलली नाही. ओठ चावून कपाटातल्या फळीकडे बघत राहिली. खांदे तिचं ऐकेनात.

मागे पावलं वाजली. टिचकी तिच्या अगदी पाठीशी येऊन उभी राहिली, हात लांबवून तिच्या हातातला स्वेटर तिने काढून घेतला. दारापर्यंत गेली. तिथे थांबली.

"रडू नकोस," ती म्हणाली. "तू रडलीस तर मला कळेल."

वहिनी रडली नाही. बॅग जिन्यावरून खाली जाईपर्यंत दोन्ही हातांनी फळी धरून ती कपाटाकडे तोंड करून तशीच उभी राहिली.